नववीचा वर्ग

दहावीचा निकाल लागला की अजूनही आमच्या जुन्या शाळेतून मला फोन येतो. "सर, यंदाही शंभर टक्के!" मी अभिनंदन करतो, अगदी मनापासून करतो. पण फोन ठेवला की एक प्रश्न हमखास डोक्यात येतो. नोकरीत असताना तो मी कधी मोठ्याने विचारला नाही. शंभर टक्के खरे, पण कितीचे शंभर टक्के?

थोडं पाल्हाळ लावणार आहे, चालवून घ्या. मास्तरकीची सवय जात नाही.

बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या एका हायस्कुलात मी तीस वर्षं मराठी आणि इतिहास शिकवला. २००८ साली निवृत्त झालो. शाळा लहान. पाचवी ते दहावी, प्रत्येक वर्गाची एकच तुकडी. पत्र्याचं छप्पर, त्यामुळे जोराचा पाऊस आला की शिकवणं बंद. मी काय बोलतोय ते पहिल्या बाकावरसुद्धा ऐकू जायचं नाही. मुलं खूश!

शाळेचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं असं आपण म्हणतो. आमच्याकडे ते पेरणी झाल्यावर सुरू व्हायचं. पाऊस लांबला तर वर्ग भरलेला, पाऊस पडला की वर्ग रिकामा. ऑगस्टमध्ये लेझीम, प्रभातफेरी, पोळ्याची सुट्टी. मग गणपती, मग सहामाही परीक्षा. तोवर सगळं सुरळीत. हजेरीच्या वेळी वर्गातून 'हजर सर' 'हजर सर' असा आवाज भरभरून यायचा.

आणि मग दिवाळी.

सणासुदीच्या त्या दिवसांत गावात ट्रक येऊन उभे राहायचे. मुकादमाकडून उचल घेतलेली असायची, ती फेडायला ऊसतोडीला जायचंच. भांडीकुंडी, पत्रे, बांबू, धान्याची पोती, शेळी, कोंबड्या आणि त्या सगळ्याच्या वर बसलेली आमची मुलं. पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात, जिथे कारखाना तिथे. सुट्टी संपून शाळा उघडली की मी नववीची हजेरी घ्यायला उभा राहायचो. बेचाळीसमधले अठरा-वीस आवाज कमी झालेले असायचे. रजिस्टरमध्ये एकाखाली एक 'गै' 'गै' 'गै' असं लिहीत जायचं. पाच महिने.

पाचवी-सहावीची पोरं बऱ्याचदा आजीजवळ गावात राहायची. पुढे हंगामी वसतिगृहं निघाली, त्यांचाही काहींना आधार झाला. पण नववीची पोर म्हणजे घरच्यांच्या लेखी कामाला आलेली पोर. मुलगा असेल तर मोळ्या वाहायला. मुलगी असेल तर कोपीवर भाकरी करायला, धाकटं पोर सांभाळायला. शिवाय वयात आलेली मुलगी मागे कुणाच्या भरवशावर ठेवायची, ही आईबापाची भीतीही खोटी नव्हती.

इकडे शाळेत जानेवारीत स्नेहसंमेलन, दहावीचे सकाळचे जादा तास, फेब्रुवारीत निरोप समारंभ, मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा. सगळ्या शाळेचा जीव त्या एका दहावीत अडकलेला. नववीकडे बघायला कुणाला वेळ होता?

आता मुद्द्यावर येतो. निकाल कमी लागला की संस्थेच्या बैठकीत मुख्याध्यापकांना उभं करून विचारलं जायचं. त्यावर साऱ्या पंचक्रोशीला ठाऊक असलेला एक उपाय होता. दहावीत नापास होईल असं पोर दहावीत जाऊच द्यायचं नाही. नववीतच थांबवायचं. नाहीतर पालकांना बोलावून सांगायचं, "दाखला काढा आणि बाहेरून १७ नंबरचा फॉर्म भरा." असं केलं की शंभर टक्के लागायला काही अडचण नाही. गाळलेल्या पाण्यात गाळ कुठला?

हे मी दुसऱ्यांबद्दल सांगत नाहीये. वर्गशिक्षक म्हणून निकालपत्रकावर सही माझी असायची.

२००३ च्या एप्रिलमधली गोष्ट. कारखान्याचं गळीत संपवून लोक परतले आणि वार्षिक परीक्षेला एक मुलगी येऊन बसली. दिवाळीपासून ती शाळेत आलेली नव्हती. हातावर उसाच्या पात्यांनी ओरखडलेलं, एका बोटाला चिंधी बांधलेली. मराठीच्या पेपरात मी 'पहाटेचे सौंदर्य' हा निबंध घातला होता. बाकी सगळ्यांनी पूर्वेची केशरी लाली आणि पाखरांची किलबिल पाठ करून उतरवली होती. हिने लिहिलं होतं, आईबाप अंधारातच फडात जातात, मी चूल पेटवते, धाकटा उठायच्या आत पाणी आणते, भाकरी होता होता तांबडं फुटतं, पण तिकडं बघितलं तर भाकरी करपते. शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ होत्या. मी दहापैकी सात दिले आणि स्वतःवरच खूश झालो.

गणित आणि इंग्रजीत ती नापास होती. पाच महिने गैरहजर असलेल्या मुलीचं दुसरं काय होणार? बैठकीत मुख्याध्यापक म्हणाले, "हिला वर घातली तर पुढच्या वर्षीचा निकाल जातो." मी काहीच बोललो नाही. सही केली. १ मे रोजी झेंडावंदन झाल्यावर निकाल वाटला. तिने कागद दोन्ही हातांनी घेतला, वाचला, घडी घातली आणि "येते सर" म्हणून गेली. जूनमध्ये ती आली नाही. त्याच वर्षी तिचं लग्न झालं.

आमचा पुढचा निकाल शंभर टक्के लागला. पेढे मीही खाल्ले.

आता काळ बदलला आहे असं म्हणतात. काही बाबतीत खरंच बदलला. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. पण तो सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी, म्हणजे आठवीपर्यंत. शाळेतली खिचडीही आठवीपर्यंतच. गेल्या वर्षी शाळेत गेलो होतो, तेव्हा मधल्या सुट्टीत व्हरांड्यात पंगत बसली होती आणि नववीची पोरं पलीकडे नळावर पाणी पीत उभी होती. २०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणात अठरा वर्षांपर्यंतच्या शिक्षणाची भाषा आहे. चांगलंच आहे. पण धोरण वेगळं आणि हक्क वेगळा. ज्या वर्षी पोर शाळेतून सुटण्याचा धोका सगळ्यांत जास्त, नेमका त्याच वर्षी आपण तिचा हात सोडतो. हा कायदा आणि ती खिचडी दहावीपर्यंत न्यायला हवी, यात मला तरी शंका नाही.

कुणी म्हणेल, न येणाऱ्या मुलांना वर ढकलायचं का? नाही. तसं मी म्हणत नाही. येत नसेल तर का येत नाही हे विचारा. एप्रिल-मेमध्ये सगळी परत आलेली असतात, तेव्हा महिनाभर त्यांचे जादा तास घ्या. दहावीसाठी आम्ही पहाटे सहाला येत होतोच ना? नववीसाठी एकदाही आलो नाही.

आणि एक साधी गोष्ट. शाळेच्या फाटकावर 'निकाल १०० टक्के' असा फलक असतो, त्याच्या खाली दुसरा आकडा लिहावा. पाचवीत नाव घातलेल्या मुलांपैकी किती जण दहावीच्या परीक्षेला बसले? त्याला पैसा लागत नाही, जीआर लागत नाही. जनरल रजिस्टर कपाटात आहेच. फक्त लिहायला धाडस लागेल.

यंदा फोन आला की आधी अभिनंदन करीन आणि मग तो दुसरा आकडा विचारीन. तुमच्यापैकी जे शिक्षक आहेत त्यांनी आपापल्या शाळेचा काढून बघावा. माझ्या शेवटच्या दहावीचा मी आठवून आठवून काढला. पाचवीत अठ्ठावन्न होते, परीक्षेला बसले सव्वीस. सव्वीसच्या सव्वीस पास!