लांबी मोजता, मग मालकही विचारा

"स्लॅश पंचवीस पुढे जाणार नाही, किमान चोवीस लागेल." तालुक्याच्या गावातल्या एका लहान इंटरनेट पुरवठादाराला अपस्ट्रीमकडून या आठवड्यात हे उत्तर मिळालं. नियम योग्यच आहे. चीड आली ती पुढच्या प्रकाराची. त्याने चोवीस जाहीर केली, ती तासाभरात चालू झाली आणि हे पत्ते तुझेच कशावरून, असं कुणी विचारलंही नाही.

लांबीची अट का लागते, हे या स्तंभाच्या वाचकांना ठाऊक आहे. राउटरची स्मृती अमर्याद नसते. १२ ऑगस्ट २०१४ रोजी रूटांची यादी ५,१२,००० च्या आसपास पोहोचली आणि जुने राउटर जागोजागी कोलमडले. बारीक तुकडे अडवलेच पाहिजेत. पण लांबी बघितली म्हणजे तपासणी झाली, ही समजूत घातक आहे.

२४ फेब्रुवारी २००८ चं यूट्यूब प्रकरण घ्या. यूट्यूब आपले १,०२४ पत्ते २०८.६५.१५२.०/२२ असे जाहीर करत होतं. देशात यूट्यूब बंद करायला निघालेल्या पाकिस्तान टेलिकॉमने त्यातलेच २५६ पत्ते, २०८.६५.१५३.०/२४, जाहीर केले. हाँगकाँगच्या पीसीसीडब्ल्यूने तो रूट जगभर सोडला. राउटर नेहमी अधिक नेमका रूट धरतो, त्यामुळे यूट्यूबकडे जाणारी रहदारी पाकिस्तानकडे वळली. तब्बल ८० मिनिटांनी यूट्यूबनेही तीच चोवीस जाहीर केली. तेवढ्याने भागेना, म्हणून तिचे दोन /२५ केले. आणि ते कित्येक ठिकाणी फिल्टरने अडवले, कारण ते चोवीसपेक्षा बारीक! परक्याची चोवीस बिनबोभाट पुढे गेली आणि खऱ्या मालकाची पंचवीस दारात अडली. पीसीसीडब्ल्यूने तो रूट काढेपर्यंत दोन तास उलटून गेले होते.

म्हणूनच माझं जुनं पालुपद पुन्हा लावतो: आरपीकेआय. कोणता प्रीफिक्स कोणत्या एएस नंबरवरून आणि कमाल किती लांबीपर्यंत निघेल, याची सही केलेली नोंद त्यात असते. आपल्याकडे ही सोय आयआरआयएनएन देते. नोंद करताना कमाल लांबी सवयीने २४ टाकू नका. /२२ च जाहीर करत असाल तर २२ लिहा. आणि अपस्ट्रीमवाल्यांनो, नोंदीशी न जुळणारा रूट टाकून द्या, मग तो कितीही ऐटबाज चोवीस असो.