पंपाला दोष देण्याआधी

गवताचे गठ्ठे, खताची पोती उचलून रचणारा लांब हाताचा लोडर इंग्लंडच्या शेतांवर सर्रास दिसतो. जेसीबीने आपला ‘लोडॉल’ १९७७ साली आणला. आजच्या अशा यंत्रांत मागची चाकेही वळतात: पुढच्यांच्या उलट वळली तर यंत्र थोडक्या जागेत फिरते, त्याच बाजूला वळली तर खेकड्यासारखे तिरपे चालते.

स्टिअरिंग बिघडले की जो तो पंपाकडे बोट दाखवतो. मला हे पटत नाही. पंप थकला तर स्टिअरिंग जड होते. नुसती मागची चाके वाकडी राहत असतील, किंवा चाल बदलतच नसेल, तर दोष बहुधा दुसरीकडे असतो. प्रथम तेलाची पातळी पाहावी, मग आसाजवळचे सेन्सर. चाके सरळ झाल्याची वर्दी तेच देतात. ती मिळेपर्यंत पुष्कळ यंत्रे चाल बदलू देत नाहीत. वाळलेले शेण, सैल प्लग, तुटकी तार, एवढ्यानेही काम अडते. पुसून पाहायला पैसे पडत नाहीत! चाके चालता चालता सरकत असतील, तर मात्र सिलिंडरचे सील किंवा व्हॉल्व्ह आतल्या आत तेल सोडत असावा. ते मेकॅनिकवर सोपवावे.

आणि बंधूंनो, तपासताना यंत्राचा हात जमिनीला टेकवा, इंजीन बंद करून किल्ली खिशात ठेवा. गळती बोटाने चाचपू नका, पुठ्ठा धरा. दाबाखालचे तेल कातडीत शिरते. जखम टाचणीएवढी दिसते, सुरुवातीला फारशी दुखतही नाही. तरी हळद लावून घरी न बसता तत्काळ इस्पितळ गाठा.