पादत्राणांची निगा

मनुष्याच्या अंगावरील वस्तूंमध्ये पादत्राणांइतकी कष्टाची सेवा क्वचितच दुसरी एखादी वस्तू करीत असेल. पण उपेक्षाही त्यांच्याच वाट्याला अधिक येते. टोपी खुंटीवर मानाने विराजते, सदरा घडी घालून ठेवला जातो. जोडा मात्र चिखलाने माखलेला असो वा पावसाने भिजलेला असो, दाराच्या कोपऱ्यात भिरकावला जातो. पुढे तो फाटला, म्हणजे दोष कारागिराच्या माथी येतो. वास्तविक कित्येक जोडे चालून झिजण्यापूर्वीच हयगयीने निकामी होतात.

गोंदिया जिल्हा १९९९ साली भंडारा जिल्ह्यापासून वेगळा झाला. महाराष्ट्राच्या पूर्व टोकाचा हा प्रदेश भाताचा आणि तलावांचा आहे. आषाढ-श्रावणात झडी लागली, म्हणजे दिवसचे दिवस ऊन दिसत नाही. बांध्यांतून रोवणी चालू असते आणि शाळेच्या वाटेवर चिखल माजलेला असतो. अशा दिवसांत भिजलेला जोडा लवकर सुकावा म्हणून तो चुलीजवळ ठेवण्याचा मोह होतो. उपाय सोपा वाटतो खरा. पण तोच घात करतो. कातडे सूक्ष्म तंतूंच्या विणीचे बनलेले असते. त्यात मुरविलेल्या तेलामुळे ते लवचिक राहते. ओल्या कातड्याला एकदम आच लागली, की तंतू आक्रसतात आणि कातडे ताठ होऊन भेगाळते. उलट ओला जोडा पेटीत बंद करून ठेवला, तर थोड्याच दिवसांत त्याच्यावर बुरशी चढते.

योग्य रीत यांहून निराळी आहे आणि ती मुळीच अवघड नाही. प्रथम चिखल ओल्या फडक्याने पुसून काढावा. मग जोड्यात जुन्या वर्तमानपत्राचे बोळे भरावेत. ते आतील ओल शोषून घेतात आणि जोड्याचा आकारही टिकवितात. बोळे ओले झाले, की बदलावेत. जोडा सावलीत, वारा खेळेल अशा जागी सुकू द्यावा. पूर्ण सुकल्यावरच पॉलिशचा पातळ हात द्यावा आणि ब्रशाने घासावे. पॉलिशमधील मेण पाण्याला काही अंशी अडविते. शिवण उसवलेली दिसताच ती शिवून घ्यावी. आज दोन टाक्यांनी जे काम भागते, त्यासाठी महिन्याभराने नवा तळ घालावा लागतो.

कोणी म्हणेल, “एवढा खटाटोप कशाला? पावसात रबरी चपला वापराव्या.” हे म्हणणे रास्तच आहे. चिखलात कातडी जोडा न घालणे हाही त्याची निगा राखण्याचाच एक भाग होय. पण “फाटला तर नवा घेऊ,” हे म्हणणे मात्र रास्त नव्हे. एका जोड्यामागे पुष्कळांचे श्रम असतात. २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालेली कोल्हापुरी चप्पल पाहावी. तिचे कातडे बाभळीची साल आणि हिरडा यांच्या साहाय्याने कमावण्याची जुनी पद्धत आहे. कातडे कमावणे, कापणे, ठोकणे, वादीने शिवणे, वेणी गुंफणे, अशा अनेक कामांनंतर ती पायात येते. ती निष्काळजीपणाने वाया घालविणे म्हणजे त्या साऱ्या हातांचा अनादर करणे होय.

याहूनही एक मोठा अनादर समाजाने दीर्घकाळ केला. ज्यांच्या कौशल्याने गावाचे पाय काट्यांपासून वाचले, त्या चर्मकारांना गावाने काम दिले. पण मान दिला नाही. जोड्याला हात लावणे हलके, ही समजूत त्याच अन्यायाचे अपत्य आहे. स्वतःचा जोडा पुसण्याची ज्याला लाज वाटते, तो नकळत तीच समजूत पुढे चालवितो.

महात्मा गांधींनी ती मानली नाही. दक्षिण आफ्रिकेत ते आपले सहकारी कॅलनबॅक यांच्याकडून चपला बनविण्यास शिकले. तेथील तुरुंगात त्यांनी स्वतः बनविलेला एक जोड जनरल स्मट्स यांना भेट म्हणून दिला. ज्यांच्या सरकारशी लढा दिला, त्यांनाच ही भेट! स्मट्स यांनी त्या चपला अनेक उन्हाळे वापरल्या आणि १९३९ साली, गांधीजींच्या सत्तराव्या वाढदिवसाच्या निमित्ताने, त्या त्यांना परत पाठविल्या. सुमारे २५ वर्षे त्या टिकल्या, याचे श्रेय बनविणाऱ्याला जसे आहे, तसे जपणाऱ्यालाही आहे.

म्हणून प्रत्येक विद्यार्थ्याने आठवड्यातून पाव तास आपल्या पादत्राणांसाठी राखून ठेवावा. हे काम आईवर किंवा धाकट्या भावंडावर सोपवू नये. त्यामुळे पालकांचा पैसा वाचेल, हा लाभ लहान नाही. पण जो हात आपला जोडा स्वच्छ करील, तो जोडा शिवणाऱ्या हाताला कधी तुच्छ लेखणार नाही, हा लाभ त्याहून पुष्कळ मोठा आहे.