बस चौकातच का थांबते?

लेक कामाला निघाली की घरचे बजावतात : ओळखीच्याच गाडीने जा, फोन चालू ठेव. १ नोव्हेंबर २००७ च्या रात्री हिंजवडीच्या बीपीओत रात्रपाळीला निघालेली बावीस वर्षांची मुलगी कंपनीने ठरवलेल्याच गाडीत बसली होती, वाटेत मित्राशी फोनवर बोलतही होती. त्याच गाडीच्या चालकाने साथीदारासह तिला गहुंज्याकडे नेलं आणि बलात्कार करून तिचा खून केला. तिने आणखी कोणती काळजी घ्यायला हवी होती? २३ डिसेंबर २०१६ ला तळवड्यात काम संपवून पायी निघालेल्या तरुण अभियंता मुलीवर रस्त्यातच वार झाले, त्यात ती गेली.

म्हणून मुलींना सूचना देत बसण्यापेक्षा मला कंपन्यांशी बोलायचं आहे. दुकाने व आस्थापनांसाठीचा महाराष्ट्राचा २०१७ चा कायदा रात्री साडेनऊनंतर काम करणाऱ्या स्त्रीला घराच्या दारापर्यंत वाहन द्यायला सांगतो. दारापर्यंत, चौकापर्यंत नव्हे. आयटीतल्या अनेक कॅबमध्ये आता रात्री सुरक्षारक्षक असतो, हे चांगलंच झालं.

पण चाकणच्या कारखान्यांचं काय? सेकंड शिफ्ट सुटते तेव्हा मध्यरात्र होत आलेली असते. स्टाफ बस तळेगाव चौकात किंवा आंबेठाण चौकात उतरवून पुढे जाते. रूम असते नाणेकरवाडीत, खराबवाडीत, महाळुंग्यात. मधली वाट दिवे बंद करून उभ्या असलेल्या कंटेनरच्या रांगेतून जाते. ठेकेदाराकडच्या कित्येक पोरांना तर बसही मिळत नाही. मिळेल त्या दुचाकीला हात करायचा. मराठवाड्या-विदर्भातून आलेल्या आयटीआयच्या या पोरांची काळजी कुणी करत नाही, कारण ते ‘मुलगे’ आहेत. कोयता दाखवून मोबाईल आणि पगार काढून घेतला, तरी तक्रारीला गेलं की खाडा पडतो, म्हणून पोरगा गप्प राहतो. ११२ ला फोन लावायचा, तर तो फोनच गेलेला असतो.

पिंपरी-चिंचवडला २०१८ पासून स्वतंत्र पोलीस आयुक्तालय आहे. पाळी सुटण्याच्या वेळा कंपन्यांनी पोलिसांना कळवाव्यात आणि पाळी सुटल्यावरच्या अर्ध्या तासात गस्त याच वाटांवर असावी. बसचे थांबे कामगारांच्या रूम कुठे आहेत ते पाहून ठरवावेत. ठेका देताना ठेकेदाराच्या माणसांची बसमधली जागाही करारात लिहावी. आणि एमआयडीसी व ग्रामपंचायतींनी, दिवे कुणी लावायचे हा वाद दिवे लावून झाल्यावर घालावा.