रोबोटला विरोध नको, पण नोटीस कुठे आहे?

मोटारगाडीचा एक पत्रा दुसऱ्या पत्र्याला जोडला की सांध्यात बारीक फट राहते. त्या फटीतून पाणी शिरले की गंज चढतो. म्हणून प्रत्येक सांध्यावर एक दाट, चिकट लेप भरतात. कारखान्यात त्याला सीलंट म्हणतात. चाकण, रांजणगाव, वाळूज या पट्ट्यात आपली हजारो मुले कंत्राटी म्हणून राबतात आणि त्यातली कित्येक याच कामावर असतात. आता हे काम रोबोट करू लागला आहे. त्याबद्दल आपल्या तरुणांत दोन टोकांची मते ऐकू येतात. एक म्हणतो, यंत्र आले की गरीब मेला. दुसरा म्हणतो, प्रगती आहे, थांबवता येणार नाही, गप्प बसा. माझ्या मते दोघेही चुकीच्या जागी बोट ठेवत आहेत.

आधी काम काय असते ते समजून घ्या. वेल्डिंग झालेला गाडीचा सांगाडा पेंट शॉपमध्ये येतो. रसायनाच्या टाकीत बुडवून त्याला पहिला थर देतात, भट्टीतून काढतात आणि मग तो सीलिंग लाईनवर येतो. तिथे हातात गन घेऊन उभा असलेला कामगार दारे, बॉनेट, डिकी, फरशी यांच्या सांध्यांवर सीलंटची रेघ ओढतो, ब्रशने सारखी करतो. सर्वांत वाईट काम गाडीच्या पोटाखालचे. सांगाडा डोक्यावर असतो. मान मागे टाकून, हात खांद्याच्या वर धरून, आठ तास फवारा आणि लेप मारायचा. चेहऱ्यावर, मानेवर थेंब पडतात. पुढे असेम्ब्लीमध्ये समोरची काच बसवतात, तिथला गोंद पॉलियुरेथेनचा असतो. त्यात आयसोसायनेट वर्गातील रसायन असते आणि या रसायनांनी कायमचा दमा लागू शकतो, हे वैद्यकशास्त्राने केव्हाच सिद्ध केले आहे. व्यवसायजन्य रोगांच्या कायदेशीर यादीत असा दमा आहे. पण कंत्राटी मुलाला दम लागला तर तो गावी जातो. दावा दाखल करायला वकिलाकडे येत नाही.

असे काम यंत्राने केले तर मी कशाला रडू? रोबोटच्या हाताला सहा सांधे असतात. कॅमेरा सांगाडा नेमका कुठे उभा आहे ते टिपतो, पंप मोजून माल सोडतो, रेघ सगळीकडे सारख्या जाडीची पडते, माल कमी वाया जातो. त्याची मान दुखत नाही आणि त्याला दमाही होत नाही. 1961 साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या न्यू जर्सीतील कारखान्यात पहिला औद्योगिक रोबोट लागला, तोही तप्त धातूचे ओतीव भाग उचलण्याच्या जीवघेण्या कामावर. बाबासाहेबांनी 1945 साली गांधीवादाची चिकित्सा करताना यंत्राची बाजू घेतली होती, हे आपण विसरू नये. यंत्राशिवाय माणसाला फुरसत नाही आणि फुरसतीशिवाय संस्कृती नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. दोष यंत्राचा नाही, यंत्राचा लाभ मूठभरांच्या हाती देणाऱ्या समाजरचनेचा आहे, हे त्यांनी निक्षून सांगितले.

तेव्हा प्रश्न रोबोट का आला हा नाही. प्रश्न आहे, त्या माणसाचे काय झाले?

गेल्या वर्षी असाच एक तरुण माझ्याकडे आला. मूळचा मराठवाड्याचा. एका वाहन कारखान्यात नऊ वर्षे सीलिंग लाईनवर. या काळात ठेकेदार तीनदा बदलले, गन तीच, लाईन तीच, सुपरवायझर कंपनीचाच. मग रोबोट आले. "साहेब, त्याला शिकवायला मीच तीन आठवडे उभा होतो," तो मला म्हणाला. पाण्याच्या चाचणीत कोणता सांधा गळतो, कोणत्या कोपऱ्यात गन तिरपी धरावी लागते, थंडीत माल घट्ट होतो तेव्हा हात किती सावकाश चालवायचा, हे सगळे त्याने इंजिनिअरला दाखवले. इंजिनिअरने ते हातातल्या पॅनेलवर भरून घेतले. महिनाभराने याचा गेटपास चालेना. कागद एकच मिळाला, ठेकेदाराचे कंत्राट संपले असल्याचा. नऊ वर्षांच्या हाताची विद्या यंत्रात गेली आणि तिचा मोबदला शून्य.

आता कायदा काय म्हणतो? 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात कलम 9-अ होते. कामगारांची कपात होण्याची शक्यता असेल अशी यंत्रसामग्रीतील किंवा तंत्रातील सुधारणा करायची तर मालकाने आधी नोटीस दिली पाहिजे आणि 21 दिवस थांबले पाहिजे. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली. तिच्या कलम 40 मध्ये आणि तिसऱ्या परिशिष्टात ही तरतूद कायम आहे. पण किती कारखान्यांत ही नोटीस फळ्यावर लागलेली आपण पाहिली? मी तरी पाहिलेली नाही. आणि कंत्राटी कामगाराच्या बाबतीत मालक हात वर करतो, "तो आमचा कामगारच नाही." सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2001 साली स्टील अॅथॉरिटीच्या खटल्यात सांगितले की कंत्राटी पद्धत बंद झाली तरी कामगार आपोआप मूळ मालकाचा होत नाही. कंत्राट बनावट आहे हे सिद्ध करावे लागते. सिद्ध कोणी करायचे? ज्याच्याजवळ पगाराची पावतीसुद्धा नाही त्याने!

नव्या संहितेने कपातीसाठी सरकारची परवानगी घेण्याची मर्यादा 100 कामगारांवरून 300 वर नेली. बदल्यात कामगार पुनर्कौशल्य निधी दिला. कपात झालेल्या कामगाराच्या खात्यात 15 दिवसांचा पगार. पंधरा दिवसांच्या पगारात रोबोट चालवण्याचे कोणते शिक्षण मिळते ते सरकारने एकदा सांगावे. ज्याचे कंत्राट 'संपले' त्याला तर कपात झालेला कामगार म्हणायलाच मालक तयार नसतो, म्हणजे तेही नाही.

जुन्या लोकांना मुंबईच्या गिरण्या आठवत असतील. धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचा दोरा तोंडाने ओढून धोट्याच्या छिद्रातून काढावा लागे. अस्पृश्याच्या तोंडाचा धोटा आम्ही कसा लावू, म्हणून सवर्ण कामगारांनी आपल्या माणसांना विणकाम खात्यात येऊ दिले नाही, आणि पगार जास्त होता तो नेमका त्याच खात्यात. 1928 च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर मांडला. गंमत पाहा, तोंड न लावता दोरा ओवण्याचे धोटे तेव्हा जगात होते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने तोंडाचा धोटा 1911 सालीच कायद्याने बंद केला होता. यंत्र उपलब्ध होते. चांगल्या खात्याचे दार उघडायची इच्छा नव्हती.

आज चांगले खाते म्हणजे रोबोटचा सेल. कारण रोबोट आला म्हणून माणूस पूर्ण जात नाही. नोजल तुंबते, मालात हवेचा बुडबुडा आला की रेघ तुटते, तापमान बिघडले की माल पातळ होतो. नवे मॉडेल आले की सगळे मार्ग पुन्हा शिकवावे लागतात. त्या जागेवर कोण बसणार? बहुधा बाहेरून आलेला डिप्लोमाधारक. नऊ वर्षे गन धरलेल्या माणसाला कोणी विचारत नाही, आणि आपणही मागत नाही.

हे मागितले पाहिजे. पगारवाढीच्या प्रत्येक करारात युनियनने एक कलम घालावे: ज्या लाईनवर रोबोट येईल त्या लाईनवरच्या कामगाराला, तो कंत्राटी असला तरी, पगारी प्रशिक्षण आणि त्या सेलमध्ये पहिला हक्क. परमनंट कामगारांच्या युनियनला कंत्राटी भावाचे हे ओझे वाटते, याचा अनुभव मला आहे. तरीही मागावे. जर्मनीत 1972 च्या कायद्याने कामगार मंडळाला नव्या यंत्रांची योजना आधी कळवावी लागते. तिथल्या कंपन्या बुडाल्या नाहीत. आयटीआयमध्ये औद्योगिक रोबोटिक्सचा अभ्यासक्रम आहे, पण तो दिवसा चालतो आणि कामगार शिफ्टमध्ये असतो. बार्टी स्पर्धा परीक्षांचे वर्ग घेते, ते चांगलेच आहे. तिने चाकण आणि वाळूजला संध्याकाळचे रोबोटिक्सचे वर्ग का काढू नयेत?

आणि कंत्राटी मुलांनो, तुम्ही एवढे करा. गेटपासचा फोटो काढून ठेवा. ई.एस.आय. कार्ड आणि पी.एफ.चा उतारा घरी ठेवा. सुपरवायझर मोबाईलवर कामाचे आदेश पाठवत असेल तर ते पुसू नका, कारण तो कंपनीचा माणूस असतो, ठेकेदाराचा नाही. इंजिनिअर तुम्हाला रोबोटला शिकवायला उभे करील त्या दिवसाची तारीख, वेळ आणि त्याचे नाव वहीत लिहा. माझ्या पक्षकाराने ते लिहिले नव्हते. आता तीन आठवडे सिद्ध करायला आम्ही साक्षीदार शोधत आहोत.