‘वाचत नाही’ म्हणणाऱ्यांचे वाचन

मराठी वाङ्मयाचा इतिहास आपण लेखकांचा, ग्रंथांचा आणि प्रवाहांचा लिहिला. वाचकांचा जवळजवळ लिहिलाच नाही. आज ऐंशीच्या घरात असलेली पिढी १९५०च्या दशकात वाचू लागली. मुंबई दूरदर्शन सुरू झाले ते १९७२ साली. म्हणजे या पिढीचे घडते वय छापील अक्षराच्या सोबतीने गेले. त्या वाचनाचा मोठा भाग केवळ तिच्या आठवणीत उरला आहे. तो मिळवायचा तर आपले प्रश्न बदलले पाहिजेत.

“आवडते पुस्तक कोणते?” असे विचारले की ‘श्यामची आई’, ‘ययाति’, ‘मृत्युंजय’ अशी उत्तरे येतात. ती खोटी नसतात. पण मास्तरांसमोर उभे राहून दिल्यासारखी असतात. त्याऐवजी “पुस्तक हाती यायचे कसे?” असे विचारून पाहावे. मग वाचनालयाची अनामत, एका दिवाळी अंकासाठी घरात लागलेले नंबर, वाण्याच्या पुडीचा कागद आणि वह्यांखाली दडवलेले बाबूराव अर्नाळकर बाहेर येतात. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या या लेखकाचे वाचक आपल्या समीक्षेने कधी गांभीर्याने मोजले?

स्त्रियांच्या बाबतीत प्रश्न अधिक बिकट आहे. “मी कुठली वाचायला!” म्हणणारी आजी चातुर्मासात श्रीधरांचा ‘हरिविजय’ शेजारणींना मोठ्याने वाचून दाखवत आलेली असते. एकट्याने, मनातल्या मनात, कथा-कादंबरी वाचणे म्हणजेच वाचन, ही व्याख्या आपण वर्गात रुजवली. आजीने ती निमूट मान्य केली आणि स्वतःला वाचकांतून वगळले.

स्मृतीवर विसंबावे का, हा आक्षेप रास्त आहे. वाचनालयांच्या देवघेवीच्या जुन्या नोंदवह्या जिथे उरल्या असतील तिथे पडताळा घ्यावा. पण लपवलेली आठवणही पुरावाच असते. सत्तर वर्षांनंतरही एखाद्या पुस्तकाचे नाव सांगताना संकोच वाटतो, यातून तेव्हाच्या अभिरुचीचा धाक कळतो. ऑस्ट्रेलियातील वृद्धांच्या मुलाखतींवर मार्टिन लायन्स आणि ल्यूसी टाक्सा यांनी १९९२ साली ग्रंथ सिद्ध केला. आपल्या एम.ए.च्या वर्गांनाही हे अशक्य नाही. गाजलेल्या कादंबरीवर आणखी एक लघुप्रबंध लिहिण्यापेक्षा एका वृद्ध वाचकाशी चार दुपारी बोलणे अधिक मोलाचे ठरेल. कादंबरी पुढल्या वर्षीही असेल.