वेशीवरचा अदृश्य नाका

पूर्वी गावोगावी वेशीवर जकातीचा नाका असे. आडवा बांबू, शेजारी पत्र्याची चौकी आणि आत पावतीपुस्तक घेऊन बसलेला कारकून, हे दृश्य आमच्या पिढीने पुष्कळ पाहिले आहे. नाका दिसला की गाडी थांबवावी, पैसे मोजावे, पावती खिशात घालावी आणि पुढे जावे. परंतु जो नाका मुळी दिसतच नाही, तेथे काय करावे? हा प्रश्न आम्हाला वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, तोही साता समुद्रांपलीकडे, पडला. त्याची हकीकत वाचकांना सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो, कारण आजकाल आपल्या बहुतेक घरांतून एखादे तरी लेकरू परदेशी असते आणि त्याच्याकडे जाऊन चार ठिकाणे आपण होऊन गाडीने पाहण्याची हौस आपल्यालाही असते.

आम्ही उभयता आमच्या भाच्याकडे लंडनच्या लुइशॅम भागात महिनाभर मुक्कामाला होतो. मध्यंतरी चार दिवस लेस्टर येथे, मूळच्या बडोद्याच्याच एका स्नेह्यांकडे राहून आलो. निघताना त्यांनी मोठ्या अगत्याने आपली गाडी देऊ केली. "सामान बरेच आहे, गाडी घेऊन जा, उद्या आणून द्या," असा त्यांचा आग्रह. विम्यात नाव घातले होते आणि पाहुण्यास आपल्या देशाच्या परवान्यावर तेथे वर्षभर मोटार हाकता येते, तेव्हा अडचण अशी कोणतीच नव्हती. गाडी २०१२ सालची, डिझेलवर चालणारी, पण अगदी नीटनेटकी. शनिवारी रात्री साडेअकराच्या सुमारास आम्ही लंडनच्या हद्दीत शिरलो आणि मध्यरात्र उलटून गेल्यावर भाच्याच्या दारी पोहोचलो. वाटेत एक हिरवी पाटी दिसली होती, परंतु आमचे सारे लक्ष रस्त्याकडे. दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी परत केली, आभार मानले आणि आगगाडीने लंडनला आलो.

तीन आठवड्यांनी, बोलता बोलता भाच्याच्या तोंडून निसटून गेले की त्या स्नेह्यांना दोन दंडाच्या नोटिसा आल्या होत्या आणि आम्हाला अवघडल्यासारखे होऊ नये म्हणून त्यांनी गुपचूप पैसे भरून टाकले. हिशेब असा : जुन्या गाडीने त्या क्षेत्रात फिरण्याची रोजची पट्टी साडेबारा पौंड. दिवस मध्यरात्री संपतो, म्हणून आमच्या त्या एका फेरीचे झाले दोन दिवस, म्हणजे पंचवीस पौंड. ही रक्कम प्रवासाच्या दिवसानंतर तिसऱ्या दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत भरावयाची असते. न भरल्यास दर दिवसामागे १८० पौंड दंड, आणि चौदा दिवसांत भरल्यास त्याच्या निम्मा, म्हणजे ९०. पंचवीसच्या जागी त्या भल्या गृहस्थांना १८० पौंड मोजावे लागले.

आम्ही संतापलो. "ही तर वाटमारी झाली! नाका नाही, शिपाई नाही, कोणी अडवले नाही, आणि घरी दंड?" असे बरेच काही बोललो. भाचेसून शांतपणे ऐकत होती. ती म्हणाली, "मामा, पैशाचे वाईट वाटणारच. पण उद्या सकाळी माझ्याबरोबर जरा फिरायला चला."

सकाळी ती आम्हाला साऊथ सर्क्युलर नावाच्या हमरस्त्यावर घेऊन गेली. वाहनांची रांग संपत नव्हती. या रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर एला अडू-किसी-डेब्रा नावाची मुलगी राहत असे. तिला तीव्र दमा जडला. तीन वर्षांच्या अवधीत तिला जवळजवळ तीस वेळा रुग्णालयात न्यावे लागले आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये, वयाच्या नवव्या वर्षी, ती गेली. पहिल्या चौकशीत तिच्या मृत्यूचे कारण श्वसनक्रिया बंद पडणे एवढेच नोंदले गेले. तिच्या आईने मात्र हार मानली नाही. डिसेंबर २०२० मध्ये दुसऱ्या चौकशीचा निर्णय झाला आणि हवेच्या प्रदूषणाचा तिच्या मृत्यूला मोठा हातभार लागला असे स्पष्ट नमूद करण्यात आले. त्या देशात एखाद्या व्यक्तीच्या मृत्यूच्या कारणांत प्रदूषणाचे नाव लिहिले जाण्याचा तो पहिलाच प्रसंग. त्या रस्त्याच्या कडेला उभे राहून हे ऐकताना आमची वाटमारीची भाषा आमच्याच घशात अडकली.

आता थोडे या व्यवस्थेविषयी. डिझेलच्या धुरात काजळीचे सूक्ष्म कण आणि नायट्रोजनची ऑक्साइडे पेट्रोलपेक्षा अधिक असतात. युरोपने वाहनांसाठी १९९२ पासून ‘युरो’ या नावाने पायरीपायरीने कडक होत जाणारी मानके केली. डिझेल मोटारीने किलोमीटरमागे किती नायट्रोजन ऑक्साइडे सोडावीत याची मर्यादा चौथ्या पायरीला २५० मिलिग्रॅम होती, पाचव्या पायरीला १८० झाली आणि सहाव्या पायरीला ८० वर आली. म्हणून लंडनमध्ये पेट्रोलची गाडी ‘युरो ४’ असली तरी चालते (साधारणतः २००६ नंतरची), डिझेलची मात्र ‘युरो ६’ लागते (साधारणतः सप्टेंबर २०१५ नंतरची). आमच्या स्नेह्यांची २०१२ ची गाडी दिसायला नीटनेटकी असूनही या कसोटीला उतरत नव्हती. हे क्षेत्र एप्रिल २०१९ मध्ये शहराच्या मध्यभागी सुरू झाले, २०२१ मध्ये वाढले आणि २९ ऑगस्ट २०२३ पासून लंडनच्या सर्व विभागांना लागू झाले. नाताळचा दिवस सोडला तर ते अहोरात्र, वर्षभर चालू असते. खांबावरचे कॅमेरे गाडीचा क्रमांक टिपतात, तोच तेथला कारकून. गाडी नुसती उभी असेल तर पट्टी पडत नाही, चालवली तर पडते.

देशोदेशी रीत निराळी. जर्मनीत १ जानेवारी २००८ पासून बर्लिन, कोलोन व हॅनोव्हर या शहरांत अशी क्षेत्रे सुरू झाली, पुढे इतरत्रही झाली. तेथे काचेवर चिकटवायची चकती लागते. आरंभी तांबडी, पिवळी व हिरवी अशा तीन चालत, पुढे बहुतेक ठिकाणी केवळ हिरवीच ग्राह्य धरू लागले. हा नियम परदेशी गाडीलाही आहे. फ्रान्समध्ये पॅरिसने २०१७ च्या आरंभापासून ‘क्रितेर’ नावाची, सहा वर्गांची चकती आवश्यक केली. मात्र जुनी गाडी गरिबाकडेच असते, मग भुर्दंड त्यालाच का, अशी तक्रार तेथे वाढत गेली आणि जून २०२५ मध्ये तेथल्या नॅशनल असेंब्लीने ही क्षेत्रेच रद्द करण्याच्या बाजूने कौल दिला. ती तक्रार अगदीच पोकळ आहे असे आम्ही म्हणणार नाही. लंडननेही २०२३ मध्ये जुनी मोटार मोडीत काढणाऱ्या रहिवाशांना दोन हजार पौंडांपर्यंत साहाय्य देऊ केले होते, ते याच कारणास्तव.

बेल्जियममध्ये अँटवर्प (२०१७) व ब्रुसेल्स (२०१८) या शहरांनी चकतीऐवजी नावनोंदणीची पद्धत धरली. परदेशी गाडीची नोंद अगोदर केली नाही, तर गाडी स्वच्छ असूनही दंड होऊ शकतो. इटलीतील जुन्या शहरांच्या गाभ्यात तर धुराचा प्रश्न निराळाच, तेथे परवान्यावाचून बाहेरच्या मोटारीला प्रवेशच नसतो. फ्लॉरेन्स पाहून आलेल्या कित्येकांना महिन्यांनंतर घरच्या पत्त्यावर दंडाचे पाकीट मिळते.

तात्पर्य, प्रवासास निघणाऱ्यांनी चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. भाड्याची गाडी घेताना ती कोणत्या मानकाची आहे व चकती आहे काय, हे किल्ली हाती घेण्यापूर्वी विचारावे, कारण दंड आल्यास भाडेकंपनी तो आपल्याकडून वसूल करते आणि वर स्वतःचा आकारही लावते. उसनी गाडी घेतल्यास तिचे साल व इंधन पाहावे. चकती अथवा पट्टी त्या त्या सरकारच्या अधिकृत ठिकाणीच घ्यावी, कारण दुप्पट-चौपट पैसे उकळणारे मध्यस्थ पुष्कळ आहेत. आणि नियम बदलत असतात, म्हणून मागच्या वर्षी जाऊन आलेल्या शेजाऱ्याच्या सांगण्यावर विसंबू नये, निघण्याच्या आठवड्यात स्वतः खात्री करून घ्यावी.

स्नेह्यांचे पैसे आम्ही आग्रहाने परत केले. त्यांनी ते नाइलाजाने घेतले. परंतु हकीकत येथे संपत नाही.

बडोद्यास परतल्यावर आमच्या जुन्या स्कूटरच्या धूरतपासणीची मुदत संपलेली आढळली. वाचकहो, एक कबुली देतो. गेली कित्येक वर्षे आम्ही ही पावती ‘आणवीत’ होतो. स्कूटर घरीच, मुलगा क्रमांक सांगून पावती घेऊन येई. यंत्राची नळी आमच्या स्कूटरच्या धुराड्याला लागलीच नव्हती. आपल्याकडेही १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना ‘भारत स्टेज ६’ हे कडक मानक लागू झाले, याचा आम्ही अभिमानाने उल्लेख करीत असू आणि स्वतःच्या धुराकडे पाहतही नसू. आमच्याच आळीत शेजारची सात वर्षांची नात दप्तरात श्वासाचा पंप घेऊन शाळेला जाते. रोज सकाळी आम्ही तिच्याच समोरून स्कूटर सुरू करीत होतो.

या वेळी स्कूटर स्वतः घेऊन गेलो. तपासणीत ती अनुत्तीर्ण ठरली. मिस्त्रीने कार्ब्युरेटर उघडून साफ केला, प्लग बदलला, आणि दुसऱ्या खेपेस पावती मिळाली. खर्च साडेबारा पौंडांहून बराच कमी आला. तेथे आम्हाला कोणी अडवले नव्हते म्हणून आम्ही रागावलो होतो. येथेही कोणी अडवीत नाही, परंतु त्या सबबीवर यापुढे पावती आणवायची नाही, एवढे आम्ही ठरविले आहे.